लामिव्हुडिन हे एकट्याने घेण्याचे औषध नव्हे

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात लामिव्हुडिन या एचआयव्हीविरोधी औषधाची ओळख करून देणारे टिपण प्रसिद्ध झाले. औषधाची मात्रा, त्याचे सौम्य दुष्परिणाम, ते उपाशीपोटी किंवा जेवणानंतर कसेही घेता येते, हे सारे त्यात बरोबर दिले आहे, आणि एचआयव्हीच्या औषधांविषयी कसलीही भीती न घालता लिहिले याबद्दल आपले आभारच मानायला हवेत. परंतु त्या टिपणात एक वाक्य राहून गेले आहे, आणि ते नेमके असे वाक्य आहे की ते नसले तर बाकीची अचूक माहितीही वाचणाऱ्याला भलत्या वाटेने नेऊ शकते. एचआयव्हीसाठी लामिव्हुडिन एकट्याने कधीच घ्यायचे नसते. ते दुसऱ्या औषधांच्या जोडीनेच घ्यायचे असते आणि जोडीदार सुटला तर त्याचा उपयोग तर संपतोच, शिवाय पुढच्या उपचारांचीही वाट अवघड होते. एचआयव्ही उपचार केंद्रात औषधनिर्माता म्हणून मी बरीच वर्षे काम करतो आहे आणि ही गोष्ट नीट न सांगितल्याने काय होते ते औषधखिडकीच्या आतल्या बाजूने पाहिले आहे, म्हणून हे पत्र लांबले तरी लिहितो आहे.

आज अनेकांना एचआयव्हीसाठी सोबत घ्यायची तिन्ही औषधे एकाच गोळीत मिळतात. तसे नव्हते तेव्हाची एक आठवण सांगतो. रुग्णाची ओळख पटेल असे काहीही त्यात ठेवलेले नाही. त्या गृहस्थांना टेनोफोव्हिर, लामिव्हुडिन आणि एफाव्हिरेन्झ अशा तीन वेगवेगळ्या डब्या दिल्या जात. दर महिन्याला रुग्णाने उरलेल्या गोळ्या डब्यांसकट परत आणायच्या आणि आम्ही त्या मोजायच्या, अशी पद्धत होती. मी ट्रेवर गोळ्या ओतल्या आणि चपट्या पट्टीने पाच-पाचच्या ढिगाने सरकवत मोजू लागलो. लामिव्हुडिनची डबी रिकामी होती, अगदी हिशेबाप्रमाणे. बाकीच्या दोन डब्यांमधून जेमतेम चार-पाच गोळ्या कमी झाल्या होत्या. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "सर, ही एक गोळी मला चांगली मानवते. बाकीच्यांनी डोकं गरगरतं, रात्रभर कसली कसली स्वप्नं पडतात. म्हणून हीच तेवढी घेतली. पण एक दिवससुद्धा चुकवली नाही." ते मुळीच निष्काळजी नव्हते. घड्याळात गजर लावून, त्यांना जे सोसत होते ते औषध त्यांनी इमाने इतबारे घेतले होते आणि मी शाबासकी देईन अशीच त्यांची अपेक्षा होती. नवी डबी देताना 'ही तिन्ही औषधे मिळून एकच औषध आहे' हे त्यांना पुरेसे ठसेल असे आम्ही सांगितले नव्हते. ती चूक त्यांची नव्हती, आमची होती.

लामिव्हुडिनचा धोका हा असा त्याच्या सौम्यपणातच दडलेला आहे. झिडोव्हुडिनने रक्त कमी होऊ शकते, एफाव्हिरेन्झने चक्कर येते आणि विचित्र स्वप्ने पडतात, टेनोफोव्हिरच्या जुन्या रूपात मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. त्या मानाने लामिव्हुडिन बहुतेकांना काहीच त्रास देत नाही. फार तर थोडी डोकेदुखी, थोडी मळमळ. त्यामुळे एखादा माणूस स्वतःच्या मनाने औषधांमधून निवड करू लागला, की तो हेच औषध ठेवतो आणि बाकीची सोडतो. आणि एकटे ठेवायला याच्याइतके अयोग्य औषध क्वचितच असेल.

याचे कारण विषाणूच्या वागण्यात आहे. एचआयव्हीची सारी माहिती आरएनएच्या रूपात असते. माणसाच्या पेशीत शिरल्यावर तो रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाच्या स्वतःच्या विकराकडून (एन्झाइमकडून) तिची डीएनएमध्ये नक्कल करून घेतो आणि ती नक्कल पेशीच्या जनुकांमध्ये गुंफून टाकतो. लामिव्हुडिन या नकलेच्या कामात अडथळा आणते. डीएनएची साखळी ज्या घटकांची बनते त्यांपैकी एकासारखेच ते दिसते, म्हणून विकर त्याला साखळीत ओवून घेतो. पण दुसऱ्या बाजूने भोकच नसलेला मणी माळेत ओवला तर पुढचा मणी जसा चढत नाही, तशी ती साखळी तिथेच अडते. पेशीच्या आत या औषधाचे कार्यक्षम रूप बराच काळ टिकते, रक्तापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून दिवसातून एकदा ३०० मिलिग्रॅम घेतले तरी पुरते.

मात्र हा विकर नक्कल करताना फार चुका करतो आणि केलेली चूक तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. विषाणूच्या जनुकीय मजकुरात सुमारे साडेनऊ हजार अक्षरे असतात आणि साधारणपणे दर तीन-चार नकलांमागे कुठे तरी एक अक्षर बदलते. उपचार न घेणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात रोज एक हजार कोटींच्या आसपास नवे विषाणू तयार होतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की कोणतीही एक ठरावीक चूक असलेला विषाणू शरीरात जवळजवळ रोजच कुठे ना कुठे जन्माला येत असणार हे समजते. आणि लामिव्हुडिनला निष्प्रभ करायला विषाणूला एकच चूक पुरते. ते विकर ज्या अमिनो आम्लांच्या साखळीचे बनते, तिच्यातील १८४ व्या जागी मेथायोनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आले की झाले. डॉक्टर आणि प्रयोगशाळा या बदलाला 'एम१८४व्ही' म्हणतात. हा बदल झालेले विषाणू पहिली गोळी घेण्यापूर्वीच शरीरात तुरळक प्रमाणात असतात. एकटे लामिव्हुडिन घेतले की बाकीचे सारे विषाणू दबतात, एवढे मात्र मोकळे राहतात आणि काही आठवड्यांतच सारे रान त्यांचे होते.

आता सोबत आणखी दोन औषधे दिली तर काय होते ते पाहा. तिन्ही औषधांपासून एकाच वेळी निसटायचे असेल तर विषाणूला एकाच नकलेत वेगवेगळ्या ठिकाणच्या अनेक नेमक्या चुका एकदम साधाव्या लागतात. अशी शक्यता एकेका चुकीच्या शक्यतांचा गुणाकार करून काढायची असते, आणि तो गुणाकार इतका लहान होतो की रोजच्या हजार कोटींमध्येही असा विषाणू सापडणे जवळजवळ अशक्य ठरते. शिवाय तिन्ही औषधांनी मिळून नव्या विषाणूंची निर्मितीच जवळपास थांबवलेली असते. नकलाच होत नसतील तर चुका तरी कुठून होणार? संयुक्त उपचाराचे सारे बळ या गुणाकारात आहे. 'तीन औषधे म्हणजे तिप्पट जोर' असे लोक समजतात, आणि आपल्या टिपणातही औषधाचा 'जोर' हाच शब्द आला आहे. तो मला पटत नाही. इथे काम होते ते एकमेकांची पाठ राखण्याने.

हे ज्ञान सहजासहजी हाती आलेले नाही. १९८७ साली झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचे पहिले औषध मंजूर झाले तेव्हा ते एकट्यानेच दिले जात होते, कारण दुसरे काही नव्हते. काही महिने रुग्णांना बरे वाटे, मग औषध लागू पडेनासे होई. लामिव्हुडिनचा शोध १९८९ मध्ये माँट्रियलमध्ये लागला आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, तीदेखील झिडोव्हुडिनच्या जोडीने वापरण्यासाठी. म्हणजे जोडीदार हा या औषधाच्या जन्मदाखल्यातच लिहिलेला आहे. त्याच सुमारास दोन औषधे एकापेक्षा सरस असल्याचे मोठ्या चाचण्यांनी दाखवून दिले, आणि १९९६ मध्ये प्रोटिएज इन्हिबिटर या गटातले, म्हणजे विषाणूच्या दुसऱ्या एका विकराला रोखणारे, तिसरे औषध जोडल्यावर विषाणूचे रक्तातले प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली आणून तिथेच ठेवता येते हे सिद्ध झाले. १९९६ ते १९९७ या एकाच वर्षात अमेरिकेतील एचआयव्हीमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४७ टक्क्यांनी घसरले. मधल्या नऊ वर्षांत एकेकटी औषधे घेऊन ज्यांच्या शरीरातला विषाणू प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारा, झाला होता, त्यांच्यातल्या अनेकांना मात्र हा बदल उशिरा आला. त्यांना दुसरा पर्यायच नव्हता. आज पर्याय आहे, आणि तरीही कुणी माहितीअभावी एकच औषध घेत राहिले तर ते मला फार लागते.

इथे एक जाणकार वाचक मला अडवेल, की आता दोनच औषधांचेही उपचार निघाले आहेत, मग तीनचा हा आग्रह कशाला. आक्षेप योग्य आहे. डोल्युटेग्रॅव्हिर आणि लामिव्हुडिन या दोनच औषधांच्या एकत्रित गोळीला २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि योग्य रुग्णांमध्ये ती तीन औषधांच्या तोडीची ठरली आहे. पण तिथेही लामिव्हुडिन एकटे नाहीच. त्याचा जोडीदार असा आहे की त्याच्यापासून निसटणे विषाणूला अतिशय जड जाते. शिवाय ज्यांना हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूजन्य आजार आहे किंवा ज्यांच्या विषाणूत लामिव्हुडिनविरुद्ध प्रतिरोध आधीच आहे, त्यांच्यासाठी ती गोळी नाही. औषधे दोन असावीत की तीन हे डॉक्टरांनी तपासण्या पाहून ठरवायचे असते. डब्यांमधून आपल्याला सोसेल ती निवडणे ही निराळीच गोष्ट आहे.

हिपॅटायटिस बीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या टिपणात त्याचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे आणि माझ्या मते सर्वांत मोठी अडचण तिथेच होऊ शकते. लामिव्हुडिन हे हिपॅटायटिस बीच्या विषाणूवरही चालते आणि त्या आजारासाठी ते १०० मिलिग्रॅमच्या गोळीत एकट्यानेही दिले गेले आहे. समजा एखाद्याला दोन्ही संसर्ग आहेत, पण एचआयव्हीची तपासणी झालेलीच नाही, आणि यकृतासाठी म्हणून त्याला ही लहान गोळी सुरू झाली. एचआयव्हीच्या दृष्टीने हा माणूस अपुऱ्या मात्रेत एकटे लामिव्हुडिन घेतो आहे. त्याचा यकृताचा अहवाल सुधारत असताना दुसरीकडे एचआयव्ही प्रतिरोधक होत जातो आणि पुढे खरे निदान होते तेव्हा एक चांगले औषध आधीच हातचे गेलेले असते. म्हणूनच हिपॅटायटिस बीचा उपचार सुरू करण्यापूर्वी एचआयव्हीची तपासणी करावी असे या औषधाच्या माहितीपत्रकातच बजावलेले असते. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. दोन्ही संसर्ग असलेल्या व्यक्तीने एचआयव्हीची औषधे अचानक थांबवली तर दबलेला हिपॅटायटिस बी उसळून यकृताला गंभीर इजा होऊ शकते. अशा रुग्णाला सहसा लामिव्हुडिनसोबत टेनोफोव्हिर दिले जाते, कारण ही दोन्ही औषधे दोन्ही विषाणूंवर चालतात.

आता या औषधाचा एक विलक्षण गुण सांगतो, जो अनेकदा रुग्णांच्या नातेवाइकांनाही कोड्यात टाकतो. प्रतिरोधाच्या अहवालात 'लामिव्हुडिन: प्रतिरोध' असे छापून येते आणि तरीही डॉक्टर नव्या उपचारात लामिव्हुडिन कायम ठेवतात. मग घरचे विचारतात, की चालत नसलेले औषध कशाला गिळायला लावता? एम१८४व्ही हा बदल विषाणूला लामिव्हुडिनपासून वाचवतो खरा, पण त्याची किंमत विषाणूलाच मोजावी लागते. असा विषाणू दुबळा असतो, त्याची वाढ मंदावते आणि तो झिडोव्हुडिन व टेनोफोव्हिर यांना अधिक सहज बळी पडतो. लामिव्हुडिन चालू ठेवले की विषाणूला हा दुबळेपणा सोडून देता येत नाही. म्हणजे हरलेल्या अवस्थेतही हे औषध शेजारच्या औषधाचे काम सोपे करत राहते. मला स्वतःला यात या औषधाचे खरे मोल दिसते. पण पुन्हा तेच, शेजारी कुणी असेल तरच या गुणाचा उपयोग.

थांबवण्याविषयीही टिपणात काही नाही. 'बरे वाटते, तपासणीत विषाणू सापडत नाही, मग आता काही दिवस औषध थांबवू' हा विचार स्वाभाविक आहे, आणि एके काळी तो शास्त्रज्ञांनीही करून पाहिला. साडेपाच हजारांच्या जवळपास रुग्णांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात काहींची औषधे सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या पाहून थांबवली आणि पुन्हा सुरू केली जात होती. औषधे मधून मधून थांबवलेल्या गटात आजार आणि मृत्यू इतके अधिक आढळले, की २००६ च्या जानेवारीत ते थांबवणेच बंद करावे लागले. विषाणूची जनुके दीर्घायुषी पेशींमध्ये गुंफलेली असतात आणि सध्याच्या कोणत्याही औषधाला ती तिथून उपटता येत नाहीत. औषध थांबले की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परत दिसू लागतो. त्यातही एक बारकावा असा, की सगळी औषधे एकाच दिवशी थांबवली तरी ती शरीरातून एकाच वेळी जात नाहीत. एफाव्हिरेन्झ रक्तात कित्येक दिवस रेंगाळते, लामिव्हुडिन त्याच्या कितीतरी आधी निघून जाते. म्हणजे माणसाला वाटते आपण काहीच घेत नाही, आणि प्रत्यक्षात तो काही दिवस एकट्या एफाव्हिरेन्झवर असतो. त्यामुळे एखादे औषध संपले, प्रवासात हरवले किंवा सोसेनासे झाले, तर उरलेल्यांचे काय करायचे हे स्वतः न ठरवता त्याच दिवशी केंद्राला किंवा डॉक्टरांना विचारावे. एखादी मात्रा विसरली तर आठवेल तेव्हा घ्यावी, पुढच्या मात्रेची वेळ अगदी जवळ आली असेल तर राहू द्यावी, पण भरपाई म्हणून दोन मात्रा एकदम घेऊ नयेत.

जोडीदारही वाटेल तो चालत नाही. एम्ट्रिसिटाबिन हे लामिव्हुडिनचे सख्खे भावंड म्हणावे असे औषध आहे. दोन्ही एकाच जागी काम करतात आणि १८४ व्या जागेच्या त्या एकाच बदलाने दोन्ही निकामी होतात, म्हणून ती दोन्ही एकत्र दिली जात नाहीत. दोन वेगवेगळ्या ठिकाणी उपचार घेणाऱ्याने आपल्या सर्व गोळ्यांची नावे दोन्हीकडे दाखवली पाहिजेत. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर लामिव्हुडिनची मात्रा कमी करावी लागू शकते, कारण ते मुख्यतः लघवीवाटेच बाहेर पडते. आणि डोल्युटेग्रॅव्हिर असलेल्या गोळीच्या बाबतीत लोह, कॅल्शियम किंवा आम्लपित्तावरची काही औषधे एकाच वेळी घेतली तर ती त्याला आतड्यातच बांधून ठेवतात. बाहेरून पाहिले तर माणूस गोळी न चुकता घेत असतो, पण आत एक जोडीदार अर्धवट पोहोचतो. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा घ्यावे लागते, कारण रिफॅम्पिसिनमुळे ते शरीरातून लवकर निघून जाते. असे बारीक तपशील पुरवणीत मावणार नाहीत हे मला मान्य आहे. 'दुसरे कोणतेही औषध चालू असल्यास सांगा' एवढी एक ओळ मात्र मावली असती.

माझे हे सारे म्हणणे वाचून कुणी घाबरून जावे असे मला अजिबात वाटत नाही. उलट आज उपचार पूर्वीपेक्षा फार सोपा झाला आहे. टेनोफोव्हिर, लामिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तिन्ही औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदा घेता येतात आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून डोल्युटेग्रॅव्हिरवर आधारित उपचाराला पहिली पसंती दिली आहे. ती गोळी नियमित घेणाऱ्या आणि विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली टिकवणाऱ्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे अनेक वर्षांच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. एकत्रित गोळी आल्यापासून 'ही ठेवतो, ती सोडतो' हा प्रकार माझ्या खिडकीवर फार कमी झाला. पण मुलांच्या उपचारात, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांच्या उपचारात आणि पहिली औषधे लागू पडेनाशी झाल्यावरच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या उपचारात औषधे अजूनही वेगवेगळ्या डब्यांतून द्यावी लागतात. त्या डब्या घरी नेणारा माणूस आपल्या दैनिकाचा वाचक असू शकतो. आजाराविषयी कुणाशी बोलायची चोरी असल्यामुळे त्याच्यासाठी छापील मजकूर हाच एकमेव सल्लागार असण्याचा संभव आहे. ज्याला कुणाला विचारता येत नाही, तो वाचलेल्या शब्दाला अक्षरशः धरून चालतो.

ज्या गृहस्थांविषयी मी वर लिहिले त्यांच्या रक्तातले विषाणूचे प्रमाण त्या तपासणीत हजारांच्या घरात गेले होते आणि पुढच्या अहवालात १८४ व्या जागेचा तो बदलही सापडला. एफाव्हिरेन्झ बदलून त्यांना सोसेल असा नवा उपचार ठरवण्यात आला. त्यांना खरी गरज होती ती याच गोष्टीची, आणि ती चक्कर व स्वप्नांची तक्रार त्यांनी पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे केली असती तर तेव्हाच मिळाली असती. तक्रार केली तर औषधच बंद करतील, अशी त्यांना धास्ती होती. नव्या उपचारात लामिव्हुडिन आहेच. विषाणूचे प्रमाण पुन्हा खाली यायला काही महिने लागले, पण ते आले आणि तिथेच टिकले आहे.

आपणांस विनंती आहे की त्या टिपणाची पुरवणी म्हणून, तेवढ्याच ठळक अक्षरांत आणि त्याच जागी, पुढील मजकूर छापावा: 'एचआयव्हीसाठी लामिव्हुडिन एकटे घेऊ नये. सोबतची औषधे सोसत नसतील तर कोणतेही एक औषध न सोडता डॉक्टरांना किंवा उपचार केंद्राला लगेच कळवावे, औषध बदलून मिळते.' शेवटचे तीन शब्द जागेअभावी कृपया गाळू नयेत.

आपला नम्र वाचक,
एचआयव्ही उपचार केंद्रातील एक औषधनिर्माता